आकडा ठरवण्याआधी वजन : तीन एक्सलच्या निवृत्त लष्करी ट्रकच्या टायरमधील हवेचे प्रकरण

पार्श्वभूमी

भूजल सर्वेक्षण करणाऱ्या एका छोट्या गटाने लष्करी सेवेतून निवृत्त झालेला, सहाही चाकांना इंजिनची शक्ती मिळणारा, तीन एक्सलचा एक ट्रक विकत घेतला. मागचा सामानाचा उघडा हौदा काढून त्यांनी त्यावर बंद पेटी बसवली आणि त्या पेटीत प्रयोगशाळेची कपाटे, जनरेटर, ८०० लिटर पाण्याची टाकी आणि चार माणसांना झोपण्याची सोय केली. टायर चौदा इंच रुंदीचे आणि वीस इंची रिमचे, म्हणजे १४.०० आर २० मापाचे नवे रेडियल होते आणि प्रत्येक चाकावर एकच टायर होता. गटाची व ट्रकची ओळख पटेल असे तपशील मी येथे गाळले आहेत. मोजमापे मात्र नोंदवहीतली आहेत.

लष्करी ट्रकच्या टायरचा विचार साध्या मालवाहू ट्रकपेक्षा वेगळा का करावा लागतो, हे आधी सांगितले पाहिजे. मालट्रक आयुष्यभर डांबरावर आणि बहुधा भरलेला धावतो, त्यामुळे हवेचा एकच आकडा त्याला पुरतो. लष्करी ट्रकला एकाच दिवसात महामार्ग, खडकाळ पायवाट आणि वाळू पार करावी लागते, आणि ती कधी भरलेल्या, तर कधी रिकाम्या अवस्थेत. म्हणूनच चालकाला केबिनमधूनच टायरची हवा कमीजास्त करता यावी, अशी व्यवस्था या वाहनांत फार पूर्वी आली. दुसऱ्या महायुद्धातील पाण्यात व जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकी डीयूकेडब्ल्यू वाहनात ती होती, आणि १९५८ पासून बनू लागलेल्या सोव्हिएत झिल-१५७ ट्रकमध्येही होती. आपल्या ट्रकमध्येही ती मुळात होती. पण आधीच्या मालकाने केबिनमधील नियंत्रण काढून टाकले होते आणि चाकांपर्यंत जाणाऱ्या नळ्या मात्र तशाच जोडलेल्या ठेवल्या होत्या. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण कशी वाढत गेली

नवे टायर बसवल्यावर चालकाने सहाही चाकांत १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला १०० पाउंड दाबाची हवा भरली. त्याचे कारण सरळ होते. टायरच्या बाजूवर तो आकडा छापलेला होता, आणि चालकाचे म्हणणे होते, “साहेब, कंपनीनेच शंभर पाउंड लिहिलंय, मग आपण कमी का भरायची?” प्रश्न अगदी रास्त होता, पण त्या वेळी त्याला नीट उत्तर देणारे कोणी नव्हते. टायरच्या बाजूवरचा तो आकडा ‘एवढी हवा भरा’ असे सांगत नाही. तो सांगतो, की या टायरने त्याचा कमाल भार पेलायचा असेल तर थंड अवस्थेत एवढा दाब हवा. या टायरचा भार-निर्देशांक १६० होता, म्हणजे एका टायरची क्षमता ४,५०० किलो. सहा टायरांचा हिशेब केला तर तो २७ टनांच्या गाडीचा आकडा होता, आणि ही गाडी त्याच्या निम्म्याच्या जवळपास होती.

सुमारे ४,००० किलोमीटर गाडी त्याच दाबावर चालली. पेटीतील कपाटांच्या बिजागऱ्या निखळू लागल्या, काचेची उपकरणे फुटली, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मधल्या एक्सलचे उजवे चाक उड्या मारून जाम होई, आणि टायरच्या नक्षीची झीज मधल्या पट्ट्यात खांद्यांपेक्षा, म्हणजे कडांपेक्षा, अडीच मिलिमीटर जास्त दिसू लागली. गरजेपेक्षा जास्त फुगलेल्या टायरचा रस्त्याशी संपर्क मधोमध होतो. झीज तेच सांगत होती.

मग दुसरे टोक गाठले गेले. गटातील एका अनुभवी सदस्याने, छोट्या चारचाकीच्या अनुभवावरून, सगळ्या चाकांची हवा ४५ पीएसआयवर आणली. गाडी मऊ चालू लागली, कपाटे शांत झाली आणि सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला. पुढचे ११०० किलोमीटर कोणतीही तक्रार नव्हती. त्यानंतर एका दुपारी महामार्गावर ताशी ७५ किलोमीटर वेगाने जात असताना मागून धपधप आवाज येऊ लागला. चालकाने गाडी सावकाश बाजूला घेतली तेव्हा मागच्या एक्सलच्या डाव्या टायरची नक्षी खांद्यापासून उचकटून तिची अर्धा मीटर लांबीची पट्टी लोंबत होती. त्या पट्टीने मडगार्ड चेपले होते आणि ब्रेकच्या हवेच्या नळीला दाबून बाक आणला होता. नळी फुटली नाही. ती फुटली असती तर हे प्रकरण वेगळ्या स्वरूपात लिहावे लागले असते.

मूळ कारणाचा शोध

मला या टप्प्यावर बोलावण्यात आले. गटाचा कल टायर सदोष असल्याचे मानून विक्रेत्याकडे भरपाई मागण्याकडे होता, आणि त्यांच्याजवळ त्यासाठी एक पुरावाही होता. घटनेनंतर त्यांनी प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वजनकाट्यावर तोलून घेतले होते. एकूण वजन १३,०२० किलो भरले आणि फाटलेल्या चाकावर केवळ २,१५० किलो होते. टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात एवढ्या भारासाठी सुमारे ४० पीएसआय लागत होते. म्हणजे ४५ पुरेसे होते, उलट थोडे जास्तच होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मी पहिला प्रश्न विचारला तो टाकीविषयी. वजन करताना पाण्याची टाकी रिकामी होती, डिझेल तळाला होते, आणि दोन माणसे व त्यांचे सामान गाडीत नव्हते. आम्ही गाडी प्रवासाला निघते तशी भरून पुन्हा तोलली. या वेळी एकूण वजन १४,२५० किलो निघाले. फरक १,२३० किलोंचा होता, आणि त्यातले ८०० किलो एकट्या पाण्याचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा वाढलेला भार सर्व चाकांवर सारखा पडला नव्हता. पुढच्या एक्सलवर डावीकडे २,६४० आणि उजवीकडे २,५४० किलो. मधल्या एक्सलवर डावीकडे २,४३० आणि उजवीकडे १,९९०. मागच्या एक्सलवर डावीकडे २,६१० आणि उजवीकडे २,०४० किलो. पाण्याची टाकी आणि जनरेटर दोन्ही डाव्या भिंतीलगत बसवलेले होते. उजवे मधले चाक ब्रेक लावल्यावर का उडत होते, याचाही उलगडा येथेच झाला : सर्वांत कमी भार त्याच्यावर होता.

दोन टनांवरचे चाक तोलताना जमीन सपाट असणे किती आवश्यक आहे, हे येथे नमूद करतो. मागचे दोन एक्सल सामायिक स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकलेले असतात, आणि त्यातले एक चाक दोन-तीन सेंटिमीटर उंचावर आले तरी भार त्याच्याकडे सरकतो व आकडे फसवे येतात. आम्ही काट्याइतक्याच उंचीच्या फळ्या बाकीच्या पाच चाकांखाली ठेवून मोजमाप केले.

तर २,६१० किलोंसाठी तक्ता ५२ पीएसआय मागत होता, आणि टायरमध्ये ४५ होते. तूट सुमारे तेरा टक्क्यांची. ही तूट चुकीची खरी, पण एवढ्यावर नवा टायर ११०० किलोमीटरांत फाटावा, हे मला पटेना. म्हणून मी चालकाला घटनेपूर्वीच्या पाच दिवसांतील प्रत्येक कृती क्रमाने सांगायला लावली, आणि तेव्हा एक तपशील पुढे आला. घटनेच्या दिवशी, दोन तास गाडी चालवून जेवणासाठी थांबल्यावर, त्यांनी सर्व चाकांची हवा तपासली होती. त्या चाकात ४८ निघाली. ठरलेली हवा ४५, म्हणून त्यांनी तीन पाउंड हवा काढून टाकली.

या कृतीमागची कारणमीमांसा कळावी म्हणून थोडा हिशेब मांडतो. टायर धावताना त्याच्या बाजू सतत दुमडतात व सरळ होतात, त्यातून उष्णता निर्माण होते आणि आतील हवा तापून दाब वाढतो. सकाळी २० अंश सेल्सिअसला भरलेली हवा दुपारी ६० अंशांच्या पुढे गेलेली असते. घटनेनंतर स्टेपनी बसवून दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीतील त्या चाकाचे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, साबणाच्या पाण्याने तपासले, तर बुडबुडे आले. केबिनमधून हवा भरण्याची जुनी व्यवस्था बंद असली तरी तिची नळी आणि हबमधील फिरते सील चाकाला जोडलेलेच होते, आणि त्या झिजलेल्या सीलमधून हवा सावकाश जात होती. पाच दिवसांत साधारण पाच पाउंड. म्हणजे त्या सकाळी थंड टायरमध्ये ४५ नव्हे, ४० हवा होती. ती तापून ४८ झाली. आणि तापलेल्या टायरमधून ती ४५ वर आणली गेली. तापलेल्या अवस्थेतील ४५ म्हणजे थंड झाल्यावर साधारण ३७. गरज ५२ ची होती. तूट आता तेरा नव्हे, जवळजवळ एकोणतीस टक्क्यांची झाली, आणि त्यानंतर तीन तास महामार्गावरचा प्रवास झाला.

व्यावसायिक वाहनांच्या क्षेत्रात एक सर्वमान्य दंडक आहे, की शिफारस केलेल्या दाबाच्या ऐंशी टक्क्यांहून कमी हवेवर धावलेला टायर ‘हवेविना धावलेला’ समजावा आणि रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय त्यात पुन्हा हवा भरू नये. आपला टायर ती सीमा ओलांडून गेला होता. त्याच्यात कोणताही उत्पादन-दोष नव्हता, आणि विक्रेत्याकडे भरपाई मागण्याचा विचार गटाने सोडून दिला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मी मानतो.

पर्यायांची तुलना

आता कोणता आकडा धरायचा, हा मूळ प्रश्न उरला. चार मते मांडली गेली.

एक मत केबिनमधील मूळ धातूपट्टीच्या बाजूचे होते. त्यावर पुढच्या व मागच्या चाकांचे वेगवेगळे आकडे कोरलेले होते, आणि लष्कराने ठरवलेला आकडा चुकीचा कसा असेल, असा सवाल होता. तो आकडा चुकीचा नव्हताच, पण तो वेगळ्या गाडीचा होता. ती पट्टी अरुंद नायलॉन टायरांसाठी आणि मागच्या हौद्यात पूर्ण माल धरून बनवलेली होती. टायरचे माप बदलले, रचना बदलली, भाराची जागा बदलली. पट्टी मात्र जागेवरच राहिली. जुने लष्करी वाहन घेणारे बहुतेक लोक येथेच चुकतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरे मत खडूच्या चाचणीचे होते. नक्षीवर आडवी जाड खडूची रेघ ओढायची, सरळ सपाट रस्त्यावर थोडे अंतर जायचे आणि रेघ मधे आधी पुसते की कडांना, ते पाहायचे. ही चाचणी मला आवडते, कारण ती टायरलाच बोलू देते. पण कमाल दाबाचा अतिरेक ती जितक्या स्पष्टपणे दाखवते, तितक्या स्पष्टपणे धोकादायक कमतरता दाखवत नाही. रेडियल टायरचा नक्षीखालचा पोलादी पट्टा ताठ असल्याने हवा बरीच उतरली तरी नक्षी रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट टेकते. टायर बाहेरून समाधानी दिसतो, आणि बाजू आतून तापत असते. म्हणून पडताळणीसाठी खडू ठेवायचा, निर्णयासाठी नाही, असे ठरले.

तिसरे मत केबिनमधून हवा नियंत्रित करण्याची मूळ व्यवस्था पुन्हा चालू करण्याचे होते. ते आकर्षक होते. परंतु सहा हबमधील सील बदलायचे तर सहाही चाकांचे काम उघडावे लागणार होते, आणि तरीही ‘किती हवा’ हा प्रश्न तसाच राहणार होता. आकडा माहीत नसताना तो सहज बदलता येण्याची सोय असणे, हे मला धोक्याचेच वाटले.

चौथा पर्याय होता प्रत्यक्ष वजन व उत्पादकाचा तक्ता यांचा. त्याला अनुभवी सदस्याची एक हरकत होती, की तक्ता हाताशी नसेल तर वाटेत काय करायचे? त्यावर आम्ही साध्या त्रैराशिकाने पडताळून पाहिले. ४,५०० किलोंना १००, तर २,६४० किलोंना सुमारे ५९. तक्ता मात्र ५२ ते ५३ सांगतो. हा फरक का पडतो, याचे कारण असे, की दाब कमी करत गेले तरी टायरची भार पेलण्याची क्षमता त्याच प्रमाणात घटत नाही, थोडी सावकाश घटते. म्हणून कमाल भारापेक्षा कमी भार असताना त्रैराशिकाचे उत्तर नेहमी किंचित जास्त, म्हणजे सुरक्षित बाजूला येते. वाटेत अडलेल्या चालकासाठी हा हिशेब पुरेसा आहे; बसून निर्णय घ्यायचा असेल तर तक्ताच हवा.

निर्णय आणि कृती

आम्ही सर्वांत जड चाक, म्हणजे पुढचे डावे, २,६४० किलो, हे प्रमाण धरले आणि महामार्गासाठी सहाही चाकांत थंड अवस्थेत ६० पीएसआय हवा ठेवण्याचे ठरवले. तक्त्यापेक्षा सात-आठ पाउंड जास्त. ही जादा हवा कोठून आली, हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले, कारण कारण न लिहिता ठेवलेली जादा हवा पुढचा माणूस अनावश्यक समजून काढून टाकतो. दोन पाउंड गेजच्या, म्हणजे दाबमापकाच्या, चुकीसाठी. अडीच पाउंड हवामानासाठी, कारण ६० पीएसआयला बाहेरचे तापमान दहा अंशांनी उतरले की दाब साधारण तेवढाच उतरतो. उरलेली हवा सावकाश गळतीसाठी आणि वाटेत वाढणाऱ्या सामानासाठी.

एकाच एक्सलच्या डाव्या व उजव्या चाकांत वेगवेगळी हवा ठेवायची का, यावर बराच वेळ चर्चा झाली. मधल्या उजव्या चाकाला तक्त्याप्रमाणे ४० सुद्धा लागत नव्हते. पण एका बाजूला मऊ आणि एका बाजूला कडक टायर ठेवले तर ब्रेक लावताना गाडी ओढली जाते, आणि जड बाजू गळतीने उतरली तर ती कमतरता डोळ्यांना दिसतच नाही. एक्सलवरची दोन्ही चाके जड बाजूच्या गरजेप्रमाणे सारखी, हा नियम आम्ही मोडला नाही. मधल्या व मागच्या एक्सलचीही हवा सारखीच ठेवली. ते दोन्ही एकत्र फिरतात, आणि त्यांच्या चाकांच्या फिरण्याच्या त्रिज्येत फरक पडला तर तो ताण गिअर व शाफ्टवर येतो. रेडियल टायरच्या पोलादी पट्ट्याचा परीघ जवळपास स्थिर राहतो, त्यामुळे हा फरक नायलॉन टायरइतका मोठा नसतो, तरीही तो मुद्दाम निर्माण करण्याचे काही कारण नव्हते.

फिरत्या सीलमधून होणारी गळती थांबवण्यासाठी सहाही चाकांवरील जुन्या नळ्या काढून व्हॉल्व्ह थेट टायरला जोडले. बाकीचे पाच टायरही उतरवून आतून तपासले. हे काम करताना एक गोष्ट आम्ही अजिबात सैल पडू दिली नाही. या ट्रकचे रिम अनेक भागांचे असून बाहेरची लॉक रिंग टायरच्या दाबानेच जागेवर राहते. अशा चाकातील हवा व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही, आणि पुन्हा हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून भरायची. कमी हवेवर धावलेल्या टायरच्या बाजूच्या पोलादी तारा आतून तुटत जातात आणि हवा भरताना त्या बॅगेची चेन उघडावी तशा एका रेषेत फाटतात. या दोन्ही प्रकारांत माणूस जागीच मरू शकतो.

कच्च्या रस्त्यांसाठी आणखी दोन आकडे ठरवायचे होते. खडबडीत वाटेसाठी ४० पीएसआय, ताशी ४० किलोमीटरांच्या आत. वाळूसाठी २५ पीएसआय, ताशी २० किलोमीटरांच्या आत. कमी वेगात टायर कमी तापतो, म्हणूनच कमी हवा त्याला चालते. वेगाची अट काढून घेतली तर हे दोन्ही आकडे निरुपयोगी आणि घातक आहेत. २५ च्या खाली जायचे नाही, असे ठरवण्यामागे कारण होते. मूळ लष्करी चाकांत टायरची कड रिमला दाबून धरणारी आतली कडी असे, आणि नवे टायर बसवताना ती परत बसवली गेली नव्हती. वळण घेताना टायरची कड रिमवरून सुटू नये, यासाठी ही मर्यादा.

हवा कमी केल्याने वाळूत काय घडते, हे चालकाला पटावे म्हणून आम्ही मोजून दाखवले. मागच्या डाव्या चाकाच्या रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची, चाक उचललेले असताना ३२५ मिलिमीटर भरली. चाक टेकल्यावर १०० पीएसआयला ती ३०१, ६० ला २८६, ४० ला २६८ आणि २५ ला २३७ झाली. भाराला दाबाने भागले की जमिनीशी असलेल्या संपर्काचे क्षेत्रफळ ढोबळमानाने मिळते. १०० पीएसआयला ते सुमारे ३७० चौरस सेंटिमीटर येते, ६० ला ६२०, आणि २५ ला जवळपास १,४९०. टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे असतील, पण चौपट फरकाची गोष्ट खरी आहे. या चौपट जागेतली बरीचशी वाढ टायर लांबीला पसरल्याने मिळते. रणगाड्याच्या पट्ट्यासारखी ती लांब पाऊलखूण वाळूत गाडीला तरंगती ठेवते.

२५ वरून पुन्हा ६० वर यायला किती वेळ लागतो, याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. या टायरच्या पोटात सुमारे २५० लिटर जागा आहे. एका टायरला ६०० लिटर मोकळी हवा लागते, सहांना ३,६००. इंजिनवरचा ब्रेकचा कॉम्प्रेसर मिनिटाला तीनशे लिटरच्या आसपास हवा देत होता, म्हणजे कागदावर बारा मिनिटे. प्रत्यक्षात नळी बदलणे, दाब पाहणे, ब्रेकच्या टाक्या पुन्हा भरू देणे यांत चाळीस मिनिटे गेली. ही चाळीस मिनिटे प्रवासाच्या वेळापत्रकात धरली नाहीत, तर थकलेला माणूस वाळूची हवा तशीच ठेवून महामार्गावर निघतो. म्हणून वेळापत्रकात ती लेखी घातली.

परिणाम

६० पीएसआयवर, सकाळी २० अंश तापमानात निघून दीड तास ताशी ७५ किलोमीटरने चालवल्यावर सहाही चाकांत ६६ ते ६८ दाब दिसला. दहा ते तेरा टक्क्यांची ही वाढ ट्रकच्या टायरसाठी स्वाभाविक आहे, आणि डावी-उजवी चाके एकमेकांच्या जवळ होती, हे अधिक दिलासा देणारे होते. पुढच्या ६,००० किलोमीटरांत नक्षीच्या मधल्या व कडेच्या झिजेतील अंतर आणखी वाढले नाही. कपाटे ४५ इतकी शांत नाहीत, हे खरे, पण १०० वरचा तो खडखडाट गेला.

उजव्या मधल्या चाकाची उडी मात्र कमी झाली तरी थांबली नाही. ती हवेने थांबणारी नव्हतीच. दोन महिन्यांनी गटाने पाण्याची टाकी पेटीच्या मधोमध आणली. त्यानंतर मधल्या एक्सलवर डावीकडे २,२४० व उजवीकडे २,१८०, आणि मागच्या एक्सलवर २,३५० व २,३०० किलो भार आला. एकूण भार तोच, पण सर्वांत जड मागच्या चाकाची गरज ५२ वरून ४४ वर उतरली, आणि तीच जादा हवा धरून मागच्या चार चाकांचा आकडा ५२ करता आला. पुढची दोन चाके ६० वरच आहेत. ब्रेक लावताना चाक उडणे त्यानंतर बंद झाले.

आज वेगळे काय केले असते

टाकीची जागा पेटी बांधण्यापूर्वीच बदलायला हवी होती, आणि ते काम गटाचे होते. माझी स्वतःची चूक वेगळी आहे. पहिल्या भेटीत मी सारे लक्ष आकड्यांवर दिले आणि हवा केव्हा मोजायची, हे चालकाला तोंडी सांगून पुढे गेलो. ‘सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी’ हे त्यांना समजले होते. ‘तापलेल्या टायरमधून हवा कधीही काढायची नाही’ हे मी पुरेशा जोराने सांगितले नव्हते, असे तीन आठवड्यांनी लक्षात आले. एका दुपारी त्यांनी ६८ पाहून गेज हातात धरून मला फोन केला, “साहेब, आठ पाउंड जास्त झालीय, काढू का?” त्यांनी विचारले, म्हणून निभावले. त्या दिवशी प्रत्येक मडगार्डवर पांढऱ्या रंगाने आकडा लिहिला गेला आणि त्याच्याखाली दोन शब्द : ‘थंड टायर’.

चाकांवर दाब दाखवणारी संवेदक यंत्रणा आम्ही तेव्हा खर्चाचे कारण सांगून पुढे ढकलली. आज मी ती पहिल्याच दिवशी बसवली असती. पाच दिवसांत पाच पाउंडांची गळती दररोज गेज लावणाऱ्यालाच दिसते, आणि सहा चाकांना दररोज गेज लावले जाईल, अशी अपेक्षा करणे लांबच्या दौऱ्यावरच्या थकलेल्या माणसांवर अन्यायाचे आहे. स्टेपनीचाही विचार कोणी केला नव्हता. ती चौदा महिने पेटीमागे टांगलेली होती, तिची बनावटीची तारीख इतर टायरांपेक्षा सात वर्षे जुनी निघाली, आणि फाटलेल्या चाकाच्या जागी तिने दोन दिवस गाडी ओढली तेव्हा तिच्यात किती हवा होती, याची नोंद कोठेही नाही.

आतली कडी बसवून २५ च्या खाली जायचे की नाही, यावर गटाचा निर्णय व्हायचा आहे. त्यांच्या पुढच्या दौऱ्यात वाळूचा पट्टा लांब आहे, आणि गाडी पाण्याची टाकी भरलेल्या अवस्थेत त्यात उतरणार आहे. त्या अवस्थेतली सहा चाकांची वजने त्यांनी या वेळी निघण्यापूर्वीच पाठवली आहेत.